एका मात्रेची जागा

नादरूपा, आकार नसूनही कानी पडणाऱ्या दयाघना, तुला नमस्कार. या घरात जे वाजेल ते तुझं, आणि जे वाजायचं थांबलं तेही तुझंच — हं, झालं. बसा आता. त्या खुर्चीवर नाही, जावईबापू, ती करकरते. हो, तेल घालता येतं, ठाऊक आहे मला, गेल्या खेपेलाही तुम्ही हेच सुचवलं होतंत. या घरात ज्याला म्हणून आवाज आहे त्याच्या मागे तुम्ही बुधली घेऊन का लागता, देव जाणे. त्या स्टुलावर बसा. आणि हसू नका — तबकडी लावण्याआधी मी त्याचं नाव घेतो, त्यात हसण्याजोगं काही नाही. चहा? चहा मिळणार नाही. चहा माणूस प्रसन्न असला म्हणजे टाकतो. तुम्हाला एकट्याला बोलावलं, लेकीला आणू नका म्हटलं, तेव्हाच तुमच्या ध्यानात यायला हवं होतं की आज शाबासकी मिळायची नाही. तरी आपले आलात, दारातून आत येता येता विचारलंत, ‘काय बाबा, कसं वाटलं? स्वच्छ झालं ना?’ — झालं. स्वच्छ झालं. तेच बोलायचं आहे.

आधी ऐका, मग बोला. या भिंतीला लागून उभ्या आहेत त्या सगळ्या तबकड्या, पलीकडे फिती, आणि हे सगळं गायकांच्या नावानं लावलेलं नाही, रागांच्या नावानं लावलेलं आहे. एक राग, त्याखाली एक बंदिश, आणि त्या बंदिशीखाली ती जितक्यांनी, जितक्या वेळा गायली तितकं सारं. लोक याला नाद लागला म्हणतात. लागू दे. तुमच्यासारखे मला विचारतात, एकच गाणं, एकच गवई, मग तीन-तीन वेळा कशाला जमवायचं? कशाला! रोज सकाळी देवापुढे हात जोडता ते काय कालचा देव शिळा झाला म्हणून? देव तोच असतो, उजेड निराळा पडतो. ही पाहा — मारवा, थोरले बुवा, पहिली. तबकडीच्या एका बाजूत मावेल तेवढाच मारवा, बुवा तेव्हा जवान, आवाज नुकत्या पाजवलेल्या सुरीसारखा. ऐकलंत? षड्जाला हात लावतात आणि चटका बसल्यासारखा मागे घेतात. मारव्यात षड्ज म्हणजे उंबऱ्यावर येऊन उभा राहिलेला पाहुणा — आला आहे हे कळतं, पण आत येत नाही, आणि तुम्ही पाट मांडून बसलेले. ज्याला वाट पाहायला जमत नाही त्यानं हा राग ऐकू नये. तुम्ही ऐकू नये.

आता दुसरी. ही सभागृहातली, बुवांची ऐन कीर्ती, ध्वनिमुद्रण उत्तम — आणि गाणं? गाणं दिखाऊ. समोर माणसं दाटून बसली आहेत हे बुवांना क्षणभरही विसरता येत नाही. तबलजी तर असा बडवतो आहे की जणू त्याचीच मैफल, बुवा आपले तोंडी लावायला. प्रत्येक समेला टाळ्या. अहो, सम ही टाळी वाजवायची जागा आहे का? सम म्हणजे घरी पोचणं. घरी पोचल्यावर माणूस टाळ्या वाजवतो की पाय धुतो? ठेवली आहे ती केवळ आलापासाठी. आणि तिसरी — तिसरी या इथली. याच खोलीतली. बुवा म्हातारे, नाक चोंदलेलं, तानपुऱ्याची एक तार दर थोड्या वेळानं उतरते आहे, बाहेर कुणाची तरी मोटार सुरू होईना म्हणून खोकते आहे, आणि ऐन रंगात आलेल्या विलंबितात कुणी एक गाढव समेच्या आधीच ‘वा!’ म्हणून ओरडतं. गुणांनी पाहाल तर तिघींत ही सगळ्यांत खालची. मी ती कुणाला ऐकवत नाही.

मग एवढा संतापलो का? तत्त्व म्हणून. तत्त्व असतं माणसाला, जावईबापू. या तिसरीच्या फितीवरचा लेप सुटत चालला होता. यंत्रवाल्यानं मला स्वच्छ सांगितलं, आजोबा, ही आता एकदाच वाजेल, वाजता वाजताच तिची भुकटी होईल, त्या एका वेळी काय उतरवून घ्यायचं ते घ्या. मी त्याच्याकडेच दिली असती. लेक म्हणाली, बाहेरच्याला कशाला, घरात माणूस आहे. घरात माणूस! दिली. तुमच्या हातात दिली, आणि देताना एकच सांगितलं — जशी आहे तशी उतरवून घ्या. जशी आहे तशी. यातला कोणता शब्द अवघड होता? तुमचा धंदा चष्म्याचा, मला कळतं. गिऱ्हाईक आलं की आधी काच पुसायची, मग बोलायचं, हात तसा वळलेलाच. पण म्हणून दिसेल ते पुसायचं? देवळात गेलात तर मूर्तीवरचा शेंदूर खरवडून काढाल आणि पुजाऱ्याला म्हणाल, पाहा आता नाक कसं छान दिसतं!

फीत गेली, तिचं मी म्हणत नाही. ती जायचीच होती, जाणाऱ्याला कोण अडवतं. पण पुसण्याआधीची प्रत? ती कुठे आहे? — काढून टाकलीत. का? — जागा खाते? — जागा! या घरात माणसाला उशी टाकायला भिंत उरली नाही, माझी खाट दाराआड सरकवली आहे, स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांच्या जागी भैरवी उभी आहे, आणि तुमच्या त्या पेटीत, जिला ना कपाट लागतं ना फळी, त्यात बुवांना बसायला जागा नव्हती. उत्तम. फार उत्तम. लेक मात्र भाग्याची.

थांबा, उठू नका. आता तुमची करामत ऐकू. लेकीनंच काल हे जोडून दिलं — ‘बाबा, ऐका, पाणी कसं निवळल्यासारखं वाटतं’ — आणि गेली आपल्या कामाला. हं. बुवांची सर्दी गेली. बुवांच्या पश्चात तुम्ही त्यांची सर्दी बरी केलीत, धन्वंतरी आहात. मोटार गेली. बरं झालं, बिचाऱ्याची अखेर सुरू झाली म्हणायची. तानपुरा आरशाच्या पलीकडून आल्यासारखा. ठीक. हे सगळं मी गिळलं असतं. आता इथं कान द्या — बुवा तिहाई घेतात. तोच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट असा टाकतात की वाटावं आलीच सम. आलेली नसते. एक मात्रा शिल्लक असते. हीच म्हाताऱ्याची खोडी. जाणता आणि अजाणता त्या एका मात्रेत वेगळे व्हायचे. आणि विलंबितातली मात्रा म्हणजे केवढी! एवढ्यात माणूस एक आख्खं वाक्य बोलून जाईल. ऐका... एक... दोन... तीन — इथं! काय ऐकलंत? काही नाही? मीही तेच म्हणतो. काही नाही! भोक आहे. भिंतीतून चौकट काढून नेल्यासारखं भोक. तानपुरासुद्धा तिथं घाबरून गप्प बसला आहे. इथं तो ‘वा’ होता, आणि त्याच्या पाठोपाठ ती म्हणायची — कुणीतरी म्हणायचं — ‘अहो, थांबा, सम यायची आहे.’ हळू. अगदी हळू. आणि तिचं ‘आहे’ संपायला आणि बुवांची सम पडायला एकच गाठ. कुणाच्या गाण्यात काही बिघडलं नाही, जावईबापू. ठरवून बसवायचं म्हटलं तरी साधणार नाही इतकं ते जागेवर बसलं होतं.

कोण म्हणजे? ऐकायला आलेली कुणी बाई. घर भरलं होतं. — कुणाला म्हणाली? त्या गाढवाला म्हणाली. — असं काय बघता? ‘अहो’ कुणीही कुणालाही म्हणतं. रस्त्यात परका माणूस म्हणतो, अहो, जरा सरका. मीच आत्ता तुम्हाला म्हटलं. ते निराळं. आणि नावाच्या जागी येतं ते... ते ‘अहो’ घरात एकालाच म्हणतात, आणि म्हणणारीही एकच असते. झालं समाधान? मोठे चष्मेवाले! दिसलं का स्वच्छ?

शेजारचे काका म्हणतात, लेक बाबा म्हणते, यंत्रवाला आजोबा म्हणतो, तुम्ही तोंडावर बाबा म्हणता आणि पाठीमागे काय म्हणता ते मला ठाऊक आहे. तसबिरी आहेत, तसबिरी बोलत नाहीत. यंत्र चालू असताना कुणी शब्द काढायचा नाही हा या घरचा दंडक, आणि माझ्याहून ती कडक पाळायची. शिंक आली तर पदर तोंडात कोंबून अंगणात जायची. सगळ्या आयुष्यात एकदाच मोडला. तोही माझी चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून. एवढ्या भिंती भरल्या आहेत, जावईबापू, जगातले सगळे गळे आहेत इथं, आणि तिचे शब्द पुरते पाच. ते तुम्ही पुसलेत. डाग म्हणून.

आता तो फोन कशाला काढता? बोलणं अंगावर आलं की फोन, ही तुमच्या पिढीची — काय? मोठ्यानं बोला. ते पुसणारं यंत्र काढलेलं टाकून देत नाही? बाजूला साठवतं? कुठे साठवतं? दाखवा. माझा चष्मा — राहू द्या, तुमच्याच दुकानाचा आहे, त्यातून काय दिसणार, तुम्हीच वाचा. काय नाव आहे त्याला? मोठ्यानं. — ‘कचरा’. हे यंत्रानं लिहिलं की तुम्ही? — तुम्ही. देवावरून उतरलेल्या फुलालाही निर्माल्य म्हणतात, जावईबापू, कचरा म्हणत नाहीत. ते वाहत्या पाण्यात सोडतात, पायदळी येऊ देत नाहीत. एवढं तुमच्या आईनं शिकवलं नाही? आईला काही म्हणत नाही मी. त्या भल्या आहेत. लावा. — नाही, थांबा, आधी हे बुवा बंद करू द्या. हं. लावा.

पाऊस पडल्यासारखं काय हे... फितीची खरखर. बरं. ही बुवांची सर्दी. ही मोटार. गाणं कुठे आहे? — यात गाणं नाहीच? एकही सूर नाही? बोलू नका. ही — ही खुर्ची. पुढे वाकली की करकरायची. तीच ती, म्हटलं नव्हतं तुम्हाला, करकरते? आता ते गाढव ओरडेल. ओरडलं. आता —

...

नको. पुन्हा लावू नका. एकदा पुरे.

सम आली नाही यात. बुवा नाहीत, मग सम कुठून येणार. ती ‘यायची आहे’ म्हणते आणि मग नुसती खरखर. असू द्या. मारव्याच्या रांगेत ठेवीन मी ही, तिसरीच्या शेजारी. चौथी. तुम्ही निघा आता. फोन इथंच राहील, उद्या न्या. तोवर दुकानाला फोन आला नाही तर कुणी आंधळं होत नाही. आणि ते नाव आधी बदला — हात कशाला जोडता, नाव बदला. काय लिहू म्हणजे? काहीच लिहू नका. लेकीनं विचारलं तर सांगा, सासऱ्यानं शिव्या घातल्या, चहासुद्धा विचारला नाही. खरंच आहे ते. जा. ज्यांनी ऐकलं त्यांचं कल्याण होवो, ज्यांना ऐकायला उशीर झाला त्यांचंही होवो. घरोघरी, चुकीच्या जागी ‘वा’ म्हणणाऱ्याला ‘अहो, थांबा’ म्हणणारं कुणी शेजारी बसलेलं असो — तुमच्याही घरी असो. आता दार. आणि हळू लावू नका ते, चोरासारखं. आपटा. होऊ द्या आवाज.