उद्याच्या रिपोर्टआधी लिहून घ्यावे

जबाब, ठिकाण धुळे

मी, सौ. संघमित्रा प्रशील सुरवाडे, वय ३४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार जामनेर, जि. जळगाव, सध्या मुक्काम मोठी बहीण साक्षी अहिरे हिच्या घरी, धुळे. समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

जामनेरला मी पती प्रशील व सासूबाई द्रौपदाबाई यांच्यासह राहते. पती बाजार समितीत मापाडी आहेत. लग्नाला अकरा वर्षे झाली, मूलबाळ नाही. जळगाव येथे खाजगी दवाखान्यात आमचा टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार चालू आहे. आमचे तीन गर्भ तयार करून गोठवून ठेवले होते. एकेक करून त्यातले दोन माझ्या गर्भपिशवीत सोडले, दोन्ही वेळा राहिले नाही.

त्या दोन्ही वेळी डॉक्टर मॅडमनी पतीसमोर स्पष्ट सांगितले होते की झोपून राहण्याने काही फायदा होत नाही, रोजच्यासारखे चालावे, औषध मात्र चुकवू नये. पतींनी मान हलवली. घरी आल्यावर सासूबाईंनी कॉटच्या पायाकडच्या बाजूखाली विटा लावून ती उंच केली व रिपोर्ट येईपर्यंत मला त्या कॉटवर आडवे ठेवले. लघवीलाही भांडे. मला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही, उलट हाताने भरवले. शिंक आली तरी सासूबाई आधी पोटाकडे बघत. ‘हालू नको व माय, निसटीन ते,’ असे म्हणत. पडून राहूनही दुसऱ्यांदा गेले, तेव्हा त्यांनी शेजारी सांगितले की हिने झोपेत कूस बदलली असेल. त्या दिवशी माझे डोके फिरले ते अजून जागेवर नाही.

या महिन्यात तिसरा व शेवटचा गर्भ सोडला. पती गाडी आणायला गेले असता मी दवाखान्याच्या दारातून रिक्षा केली व एस.टी.ने धुळ्याला बहिणीकडे आले. बसमधून फोन करून पतींना तसे कळवले. त्यामुळे मला कोणी फूस लावून नेले असे सासरचे जे म्हणणे आहे ते खोटे आहे. इथे मी औषधे वेळेवर घेते, भाजी आणते, साड्यांना फॉल लावते. भीती मला वाटत नाही असे नाही. बस खड्ड्यात आदळली तेव्हा मीही पोट धरले होते.

आज सकाळी पती व चुलत दीर युवराज गाडी घेऊन आले. मागची सीट काढून तिथे गादी टाकलेली होती. पती म्हणाले, ‘चल, आडवी हो.’ मी म्हणाले, ‘मी आजारी नाही, येणार नाही.’ पतींनी काखेत हात घातले, युवराजने पाय धरले व मला पोत्यासारखे उचलले. मी दाराची चौकट धरून ठेवली. शेजारच्या ताईबाई मध्ये पडल्या, ‘काय भाऊ, हाऊ काय तमाशा शे? सोड तिले.’ बहिणीने ११२ ला फोन केला. पती सोडेनात. ते रडत होते, तेही लिहावे. ‘शेवटचा आहे गं, उद्यापर्यंत तरी पडून राहा,’ असे म्हणत होते. मी म्हणाले, ‘अहो, ज्याला जपताय त्यालाच ओढताय.’ तेव्हा त्यांनी हात सोडले.

पतीविरुद्ध माझी फिर्याद नाही. उद्या माझी रक्ततपासणी आहे. त्यात काय निघेल हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. राहिले तर सगळ्यांच्या पुण्याईने राहिले म्हणतील, नाही राहिले तर माझ्या चालण्याने गेले म्हणतील. उद्या मी काहीही सांगितले तरी ते रडगाणे ठरेल. म्हणून आजच लिहून घ्यावे, की मी चालले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालले, आणि हे गेले तर मी घालवलेले नाही.

पती बाहेर बाकावर बसले आहेत. तुमची काही तक्रार आहे का, असे जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमनी विचारले असता, ‘तिला बसायला खुर्ची द्या,’ एवढेच ते म्हणाले. खुर्ची दिली. मी बसले नाही.

हा जबाब मी उभ्याने दिला. मॅडमनी तो मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते, पतींनीही ऐकला. मी सांगितले तसेच त्यात आहे, म्हणून सही करते.