तीन नवे, एक जुना

दवाखान्याच्या रांगेत माझ्या पुढे सासरे आणि सून उभे. तिच्या तळव्यावर ओला रुमाल.

"बाबा, पुरे आता. चटकाच बसलाय, हात नाही तुटला."

"टॉर्च मी बनवली ना! चार्जिंगचे तीन सेल नवे घातले, एक जुना. म्हटलं, चालतोय तर टाकायचा कशाला?"

"मग बिघडलं कुठे?"

"जुना आधी संपतो. बाकीचे तीन त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. मग तो तापतो, गळायला लागतो."

"घरात सगळ्यात जुने तुम्ही. तुम्ही कुठे तापता?"

"चेष्टा नको गं. बाळाच्या उशाशी होती ती. तू उचलली नसतीस तर..."

"उचलली ना?"

"उचललीस, पोरी. कसं फेडू हे?"

"दुसरी बनवून. चारही सेल एका वयाचे घाला. तुमच्या टॉर्चशिवाय झोपत नाही तो."