हरभऱ्याएवढा बल्ब

...आणि वर मलाच विचारतात, "तुला एवढी घाई कसली?" घाई! अहो, अकरा वर्षं त्या गाडीच्या मीटरमध्ये धड उजेड नाही, अकरा वर्षं तीन भाऊ दिवेलागणीनंतर अंदाजपंचे गाडी हाकतात, आणि मी एकदा तोंड उघडलं तर ती घाई! तुम्हाला सांगते, बल्ब केवढा? हरभऱ्याएवढा! पण त्या हरभऱ्यापायी मी जेवढी वणवण केली ना, तेवढ्यात आमच्या गिरणीत अख्ख्या गावाचं दळण निघालं असतं!

गिरण आमची पिठाची, कराडजवळच्या गावात, आणि गाडी अँबॅसिडर. सासरे फौजेतून सुभेदार होऊन आले तेव्हाची, एकोणऐंशी सालची. सासरे गेले, रानाची वाटणी झाली, भांड्यांची झाली, पाट्यावरवंट्याचीसुद्धा झाली... पाटा थोरल्यांकडे, वरवंटा आमच्याकडे, हसू नका, खरं सांगते! पण गाडी कापायची कशी? मग पंचांनी डोकं लढवलं. विहिरीच्या पाण्याला पाळी असते तशी गाडीला पाळी! चार महिने थोरले भाऊजी नाथाजी, चार महिने आमचे हे, जयराज, आणि चार महिने धाकटे वीरधवल. झालं! आता सांगा, पाळीच्या गाडीला बल्ब कोण बसवणार? थोरले म्हणणार, "म्या बसवायचा आन् उजेड जयराजनं बघायचा, व्हय?" हे म्हणणार, "माझी पाळी संपतच आली, आता वीरधवल बघंल." आणि वीरधवलभाऊजी शिरवळला कंपनीत, ते फोनवर म्हणणार, "रविवारी बघू." कुठला रविवार ते देवाला ठाऊक!

तुम्ही म्हणाल, बाई, तुला काय करायचंय? सांगते ना! मागच्या उन्हाळ्यात मी गाडी शिकले. बावन्नाव्या वर्षी! परीक्षा दिली, आठचा आकडा काढून दाखवला, लायसन घरी आलं. पहिला फोन कुणाला? आईला. आई माझी धोंडुबाई, कडेगावला माझ्या भावाकडे असते, ब्याऐंशी वर्षांची. मला वाटलं, आनंदानं रडेल. कसली रडते! म्हणाली, "लायसन काय, कागूद हाय त्यो. माज्या दारात गाडी घिऊन ये, मग मानंन. आन् लवकर ये बाई, आता किती दिस ऱ्हायलं माजं?" बघा, असं म्हटल्यावर माणसाला झोप लागते का?

पण जायचं कधी? दिवसभर गिरण. पाचला पट्टा उतरवायचा, अंगावरचं पीठ झटकायचं, निघेपर्यंत थंडीत दिवस मावळतो. गिरण बंद असते ती अमावास्येला, आणि अमावास्येला आमच्यात गाडी बाहेर काढत नाहीत! म्हणजे जायचं ते अंधार पडतानाच, आणि अंधाराचं नाव काढलं की ह्यांचं एकच, "मीटर दिसत न्हाई. तू नवशिकी. किती पळवतीयास ते तुला कळायचं न्हाई." बरं, ह्यांना तरी कुठे दिसत होतं? मीटर त्या गाडीत बरोबर मधोमध, आत पिवळट असं काहीतरी मिणमिणायचं, काजवा बरा त्यापेक्षा. पण हे चालवायचे ते चालायचं. मी म्हटलं, ठीक आहे, मीटर दिसत नाही ना? दाखवते!

गेले कराडला, स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदार हातातला मोबाईलसुद्धा खाली ठेवीना. "अँबॅसिडर? चालती अजून? मला वाटलं कोंबड्या बसत्यात आता तिच्यात!" दुसरा म्हणाला, "मावशी, आता बल्ब कुठलं, आता समदं स्क्रीन!" तिसऱ्यानं मला सबंध नवा डॅशबोर्ड बसवायचा सल्ला दिला. अरे बाबा, बल्ब मागते, घर बांधायला नाही आले! शेवटी गिरणीचा पट्टा आणायला सांगलीला गेले होते, तिथे एका म्हाताऱ्या दुकानदारानं मागच्या फळीवरून काड्यापेटी काढली. "ह्यो घ्या. जुन्या मोटारसायकलींना ह्योच लागायचा." चार बल्ब! हरभऱ्याएवढे! कापसात गुंडाळले, कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातले आणि एसटीत मांडीवर धरून आणले, लेकरू आणावं तसे.

नाक्यावर महेंद्र आहे, गाड्यांचं वायरिंग करतो, वीरधवलभाऊजींच्या वर्गातला. हात सोन्याचा. त्याला घरी बोलावलं. त्यानं स्क्रू काढले, मीटर हलक्या हातानं पुढे ओढलं, आणि काय सांगू तुम्हाला... भस्सकन भंडारा! पिवळाधमक! पाळणाघरातल्या पोरानं पावडरचा डबा उपडा करावा तसा! अहो, दर पौषात ही गाडी पालीला खंडोबाच्या यात्रेला जाते. काचा खाली, आत नऊ माणसं, येळकोट येळकोट, आणि चहूकडून भंडाऱ्याची उधळण! पंचेचाळीस यात्रांचा भंडारा फटीफटीतून आत जाऊन बसलेला. बल्बांवर हा असा लेप! नव्या नवरीला उटणं लावतात ना, तसा! दिसणार कुठून उजेड?

मी म्हटलं, "महेंद्र, झाड की." तर त्यानं दोन्ही हात मागे घेतले. "वहिनी, ब्रश हाय माझ्याकडं. पर मी न्हाई झाडायचा."

"का रे?"

"बल्ब गेला तर नवा बसवीन, वायर जळली तर वायर बदलीन. पर उद्या तुमच्या भावकीत कुणाच्या म्हशीनं दूध कमी दिलं तरी म्हणत्याल, महेंद्रनं देवाचा भंडारा झाडला. तुमच्यातलं कुणीतरी हात लावा, मग मी हायच."

खोटं होतं का त्याचं?

आणि आमचे हे? ह्यांनी आधी मीटरला हात जोडले, मग फोन लावला. थोरले भाऊजी तिकडून, "कुणी हात लावायचा न्हाई! पालीच्या पुजाऱ्याला इचारू!" त्यांच्या मागून थोरल्या जाऊबाई, "काय बिघडलं तर तुमच्याच पाळीत निस्तरा म्हणावं!" वीरधवलभाऊजी, "रविवारी बघू!" तीन रविवार, तुम्हाला सांगते, तीन रविवार गेले! मीटर वायरींना लोंबतंय, गाडी अंगणात तोंड वासून उभी, पोट फाडून डॉक्टर जेवायला निघून गेल्यासारखी! पाळीचे राहिले आठ दिवस. आई रोज फोनवर, "कवा येतीस?" मी काय सांगू? देव मीटरमध्ये बसलाय म्हणून?

चौथ्या रविवारी सकाळी न्हाले, पितळी ताट घेतलं, आणि गिरणीतला पीठ झाडायचा मऊ ब्रश घेतला. मनात म्हटलं, देवा, तीस वर्षं लोकांचं पीठ झाडतेय, तुझा भंडारा झाडला तर रागावशील? आणि चिमूटचिमूट सगळा ताटात उतरवला. सगळ्यांच्या कपाळाला लावला, उरलेला डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवला. महेंद्र आला. जुना बल्ब फडक्यानं पुसून सहज लावून बघितला, तर लख्ख! अहो, जुने बल्ब चारही धडधाकट! त्यांना काही झालंच नव्हतं! महेंद्र म्हणाला, "आणल्यात तर नवंच बसवू, वहिनी." बसवले. काय तो उजेड! आकडे कसे पोरांच्या पाटीवर काढल्यासारखे!

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोला! खाकरले आणि म्हणाले, "चल. पर मी शेजारी बसणार."

बसले! दिवेलागणीला निघालो, आणि तिथेच माझं चुकलं. मीटर मधोमध! लख्ख! जेवढं मला दिसतंय तेवढंच ह्यांनाही! गाव सुटायच्या आत सुरू, "अडतीस! एक्केचाळीस! अगं पंचेचाळीस!" रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना पाटी, मी जीव मुठीत धरून एकेक ओलांडतेय, समोरून प्रकाश डोळ्यांवर येतोय, आणि कानाशी हे, "पेट्रोल पाव टाकी! इंजिन तापतंय का बघ! न्हाई, तू नको बघू, मी बघतो!" तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढा बोलला नव्हता! कडेगावपर्यंत गडी एका दमात आकडे वाचत होता. एकदा तर गाडी रेल्वेच्या फाटकाशी उभी होती तेव्हा म्हणाले, "शून्य!"

पण आणली! दारात आणून उभी केली! एक ओरखडा नाही! आई उंबऱ्यात उभी, हातात भाकरतुकडा. मी किल्ली काढून खाली उतरले, किल्ली अशी वर धरली, तर आई माझ्या अंगावरून सरळ पलीकडे! ह्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. "लय तरास झाला असंल जावईबापू!"

मी म्हटलं, "आई, अगं मी चालवलीय! मी!"

आई ह्यांच्याकडे बघायला लागली. आणि आमचे हे, शांतपणे पाय पुसत म्हणाले, "व्हय आत्या, चाक हिनंच धरलं हुतं. मीटर मात्र सारा रस्ता मीच बघितला."

"त्येच म्हन्ते मी!" आई म्हणाली. "नुसतं चाक काय, कुणीबी धरंल. ध्यान ठेवनं म्हत्त्वाचं. आन् तू उभी का गं अशी? बसूनच आलीस न्हवं? जा, च्या टाक. जावईबापूंच्या च्यात साखर जरा जास्त घाल, दमल्यात ते."

गेले. आधण ठेवलं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "दोन चमचे!"

घातले हो. काय करता... आकडे सांगायची सवय लागली होती त्यांना.