एल्माच्या शेजारची जागा

...आणि वर लोक मलाच विचारतात, पैसे पोचल्याची पोच का नाही घेतली? अहो, पोच कसली घेऊ? पडद्यावर हिरवी खूण होती, तुम्हाला सांगतो!

इथं मिशिगनच्या वरच्या टोकाला बर्फ वितळला की दरवर्षी मी रस्ता ओलांडून ओन्नीकडे जायचो. ओन्नी म्हणजे आमच्या दफनभूमीचा राखणदार. तिथं माझी बायको एल्मा पुरलेली; तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखायची, त्याचा वर्षाचा चेक ओन्नीच्या हातात ठेवायचो. कॉफी, वेलचीचा गोड पाव, हवापाण्याची चार वाक्यं, की झालं. तर आमची लेक कारेन शहरातून आली. "पप्पा, गुडघे बघा तुमचे. आता दरवर्षी बँकच परस्पर पैसे भरेल." कॉम्प्युटरवर टकटक केलं... खूण आली. हिरवी. म्हणजे पैसे भरले.

मला वाटलं, पैसे विजेसारखे तारेतून जात असतील. कसले! दूर कुठल्यातरी राज्यात एक यंत्र चेक छापतं, पाकिटात घालतं आणि टपालात टाकतं! म्हणजे चेकच ना? मी समोरच्या घरी नेऊन देत होतो तोच, आता अर्धा देश फिरून त्याच समोरच्या घरी! आणि त्या घराला टपालपेटी कुठाय? बर्फ लोटणाऱ्या गाडीनं ती कधीच आडवी केली. ओन्नीनं पुन्हा उभी केली नाही, त्याला पत्र लिहितंय कोण? टपालवाली नवी, नियमाची. पेटी नाही, पाकीट परत. बँकेनं पैसे गुपचूप माझ्याच खात्यात टाकले. आणि पडद्यावर? हिरवी खूण.

बरं, ओन्नीनं विचारायचं की नाही? नाही विचारलं. आमच्यात शेजाऱ्याकडे पैसे मागणं म्हणजे त्याच्या ताटात डोकावणं. रोज रस्त्यापलीकडून हात हलवायचा, मीही हलवायचो. तीन वर्षं! आणि तीन वर्षं पैसे नाहीत तर जागा मोकळी, असा तिथला नियम.

यंदा मे महिन्यात गोठलेली जमीन खणण्याइतकी मऊ झाली, हिवाळ्यात गेलेल्यांना एकदाचं पुरून झालं, आणि मी एल्मासाठी जिरेनियमची रोपं घेऊन गेलो. तिच्या शेजारी ताजी माती. दगडावर अकॉर्डियन कोरलेलं... आर्वो लाम्पिनेन! तो वाजवायला बसला की एल्मा भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायची, तुम्हाला सांगतो!

तसाच ओन्नीच्या दारात गेलो. तो टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "तौनो, मला वाटलं, तू तिला विसरलास."

पडद्यावर हिरवी खूण होती रे, म्हटलं.

बँकेला फोन केला. बाईचा आवाज मधासारखा. "सर, काळजी नको, आमची हमी आहे. उशिराचा दंड आम्ही भरू." म्हटलं, बाई, दंड राहू दे, आर्वोला उठवाल का? "सर, त्यासाठी दुसऱ्या विभागाला जोडून देते." आणि गाणं लागलं. ऐकत बसलो... दुसरं काय करणार?

आता ओन्नीनं फाटकापाशी जागा दिलीय, रस्त्याला लागून. चेक हातात दिला, कॉफी झाली, पाव झाला. तिथून एल्मा दिसते... म्हणजे दिसत नाही, पण दिशा तीच. फक्त एवढंच, की ओन्नीची पेटी आडवी करणारी ती बर्फाची गाडी नेमकी तिथंच वळते.

माझ्या थडग्याचा दगड बसका सांगितलाय.