चार विटा आणि चोवीस सेकंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे हजेरीपटावर नाव काहीही असो, पण अख्खी शाळा ज्यांना शिट्टीबाई म्हणते त्या आपल्या खेळाच्या बाई, सर्व शिक्षकवर्ग, पालक मंडळी, आणि खिडकीत बसू नका असं तीनदा सांगूनही तिथंच बसलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मी वक्ता नाही, शिंपी आहे. या शाळेचे गणवेश गेली सव्वीस वर्षं माझ्या दुकानात शिवले जातात. त्यामुळे या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या कमरेचं माप मला ठाऊक आहे. घाबरू नका, वही दुकानातच ठेवून आलोय.

बाईंच्या निरोपाला पालकांतर्फे चार शब्द बोला, असा मला निरोप आला तेव्हा मला वाटलं, चुकून आला असेल. कारण या शाळेत बाईंशी सगळ्यात जास्त भांडलेला पालक कोण, असं विचारलं तर शिपाईसुद्धा माझ्याकडे बोट दाखवतील. पण मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला." म्हणून उभा आहे.

माझी मुलगी तिसऱ्या रांगेत बसली आहे. घरी आम्ही तिला भिंगरी म्हणतो. वय वर्षं सोळा. निघताना तिनं मला दारात अडवलं आणि तीन अटी घातल्या. आकडे सांगत बसायचं नाही, स्कर्टची गोष्ट काढायची नाही आणि रडायचं नाही. मी तिन्ही कबूल केल्या. पहिली अट आता मोडतो आहे. भिंगरे, खाली बघू नकोस, सगळ्यांना कळतंय तू कुणाची आहेस ते.

तर मंडळी, ही पोर लहानपणी कधी चाललीच नाही. दुकानात पळत यायची, पळत जायची. सुतळी आण म्हटलं की मी वाक्य पुरं करेपर्यंत सुतळी टेबलावर. शाळेत बाईंच्या गटात तिला पळायला मिळायचं. बाईंचा तो गट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना तिथं आठवड्यातून तीनच दिवस प्रवेश. घड्याळ नाही. आणि पळताना बोलत राहायचं, हा नियम! कुणी कालचं स्वप्न सांगतंय, कुणी भावाची चहाडी करतंय, आणि सगळी वरात मैदानाला फेऱ्या मारतेय. ज्याचं बोलणं तुटलं त्यानं वेग कमी करायचा. याला मुलं म्हणतात गप्पांचा गट.

मला हा प्रकार बघवत नव्हता. एक दिवस मी बाईंना गाठलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही मुलांना पळायला शिकवता का गप्पा मारायला?"

बाई म्हणाल्या, "बोलता येतंय तोवर पळू देते, मास्तर. एवढीशी तर आहेत."

मला वाटलं, या बाईंच्यात दम नाही. त्यातच माझ्या हाती एका क्रीडाशाळेची जाहिरात लागली. बारा वर्षांखालच्या मुली, तीन हजार मीटर, बारा मिनिटं दहा सेकंद. एवढ्या वेळात पळणाऱ्या मुलीला राहणं, खाणं, शिक्षण, सगळं त्यांचं. झालं. माझ्या डोक्यात भूत शिरलं. आणि शिंप्याच्या डोक्यात भूत शिरलं की ते हातात टेप घेऊनच शिरतं.

आमच्या घरामागे मोकळं मैदान आहे. मी स्वतः, या हातांनी, माझ्या दुकानातल्या टेपनं ते मोजलं. दीड मीटरचा टेप! ओणवा होऊन टेप लावायचा, खडूची खूण करायची, पुढे सरकायचं. शंभर मीटरची एक बाजू, अशा चार बाजू, चार कोपऱ्यांत चार विटा. दोन सकाळी गेल्या. भिंगरीची आई वरून खिडकीतून बघत होती. म्हणाली, "अहो, मैदानाला शर्ट शिवताय का?"

साडेसात फेऱ्या म्हणजे तीन हजार मीटर. पहिल्या दिवशी भिंगरीनं वेळ दिली बारा मिनिटं चौतीस सेकंद. दहा वर्षांची पोर, हसत हसत आली आणि म्हणाली, "बाबा, परत?"

फक्त चोवीस सेकंद जास्त! मी म्हटलं, एवढं तर चुटकीसरशी कापू. माझा हात कात्रीवर बसलेला, मला काहीही कापता येतं असं वाटायचं.

मग सुरू झाली आमची पहाट. साडेचारला उठायचं. आधी रोज तीन किलोमीटर, मग पाच, मग शनिवारी दहा, रविवारी बारा. संध्याकाळी दोरीवरच्या उड्या. दुपारी झोपायला लागली तर मी म्हणायचो, आळस अंगात भिनू देऊ नकोस. मैत्रिणीचा वाढदिवस? पुढच्या वर्षी. पाय दुखतोय? दुखणारच, पाय आहे. मी भिंतीवर तक्ता लावला होता आणि रोज त्यावर लाल पेन्सिलीनं आकडा लिहायचो. आणि गंमत बघा, तो आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. बारा चाळीस. बारा पन्नास. तेरा. जितकी जास्त पळवावी तितकी पोर हळू! मी काय केलं असेल? आणखी पळवली.

तुम्ही म्हणाल, एकदा खऱ्या ट्रॅकवर नेऊन बघायचं होतं. पण आमच्या धंद्यात अर्धवट शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. तयार झाली की नेऊ, असं मी ठरवलं होतं.

हे सगळं बाईंना कळलं कसं? मी सांगितलं नव्हतं, भिंगरीला सांगू दिलं नव्हतं. पण बाईंच्या लक्षात आलं, ते एका वेगळ्याच गोष्टीवरून. गप्पांच्या गटातली सगळ्यात बडबडी मुलगी गप्प झाली. फेरीमागून फेरी, तोंडातून शब्द नाही. बाईंनी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, "बोललं की दम जातो. बाबा म्हणालेत, दम वाचव." ज्या बाईंच्यात दम नाही असं मी म्हणत होतो, त्यांनी माझ्या मुलीचा दम असा मोजला.

आता दुसरी अट मोडतो. भिंगरे, माफ कर.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई माझ्या दुकानात आल्या. हातात शाळेचा निळा स्कर्ट, कमरेला मोठी पिन लावलेली.

"मास्तर, हा कमरेत दीड इंच आत घ्यायचाय."

मी हसलो. "बाई, मुलांचे कपडे बाहेर सोडतात. आत घेत नाहीत. म्हणून तर आम्ही शिवणीत माया ठेवतो, दोन इंच जादा कापड. वाढत्या अंगाला लागतंच."

"नाही. आतच घ्यायचाय."

"आणि लांबी? खालची दुमड किती सोडू?"

"आहे तेवढीच राहू दे. वर्षभरात उंची वाढलेली नाही."

मंडळी, इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी चष्मा कपाळावर चढवला आणि बोलायला लागलो. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही, ते तुम्ही आता बघताच आहात. "वर्षभरात पोरीची उंची वाढली नाही? कंबर बारीक झाली? आजारी आहे का? घरात खायला घालत नाहीत का? आईबाप झोपा काढतात की काय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही हो. वडील तर रोज पहाटे साडेचारला उठतात."

"मग उठून करतो काय तो गाढव?" असं मी म्हणालो. तोंडानं म्हणालो, माझ्या दुकानातल्या दोन कारागिरांच्या समोर! आणि हातांनी स्कर्ट उलटा केला, शिवण बघायला.

मी शाळेचे शेकडो स्कर्ट शिवतो, सगळे सारखे. फक्त एकाच स्कर्टच्या दुमडीत आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालतो, कुणाला दिसू नये असा. पोरीला गंमत वाटते म्हणून. तो टाका माझ्या बोटाखाली आला.

खरं सांगतो, दुकान फिरलं. मी मशीनच्या चाकाला धरून बसलो. बाईंनी शिट्टी वाजवली नाही, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, लोकांच्या मुलांच्या कपड्यात वाढायला जागा ठेवता. हिच्या दिवसात कुठं ठेवलीत?"

तेव्हा मी सुधारलो असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. मी काय म्हणालो माहीत आहे? "बाई, चोवीस सेकंद राहिलेत हो. तेवढे होऊ देत, मग विश्रांती."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण सोडलं नाही. म्हणाल्या, "चला, तुमचं मैदान दाखवा." येताना त्यांनी ते मोजणीचं चाक आणलं होतं, दांड्याला लावलेलं, टिकटिक करणारं. पहिल्या विटेपासून दुसऱ्या विटेपर्यंत चाक फिरवलं आणि म्हणाल्या, "एकशे तीन मीटर आणि वर थोडं."

मी म्हणालो, "तुमच्या चाकात खोट असेल. माझ्या टेपनं आजवर कुणाची बाही तोकडी झालेली नाही."

"मग मोजून दाखवा."

मी टेप काढला आणि ओणवा झालो. टेप लावला, दोन इंच पुढे खडूची खूण केली. त्या खुणेवर टेप ठेवला, परत दोन इंच पुढे खूण. बाई वाकून बघत होत्या.

"मास्तर, हे दोन इंच कसले?"

मी खडूकडे बघितलं. हाताकडे बघितलं. वर्षानुवर्षांची सवय हो! कापड मोजलं की दोन इंच जादा सोडून खूण करायची. या हातानं मैदानालासुद्धा माया ठेवली होती! दर दीड मीटरला दोन इंच. साडेसात फेऱ्यांत शंभर मीटर जास्त.

बाईंनी तिथंच विटेवर बसून कागदावर आकडेमोड केली आणि कागद माझ्यापुढे धरला. पहिल्या दिवशी, हसत हसत, "बाबा, परत?" म्हणणारी ती दहा वर्षांची पोर तीन हजार मीटर बारा मिनिटं दहा सेकंदांतच पळाली होती. जे मागत होतो ते तिनं पहिल्याच दिवशी दिलं होतं. त्यानंतरचे चौदा महिने मी जे चोवीस सेकंद तिच्या अंगातून काढत होतो, ते माझ्या टेपात होते.

आता हसा. मी त्या दिवशी हसलो नव्हतो.

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. विचारलं, "आठवड्याला किती पळते?" मी खालमानेनं सांगितलं, सत्तेचाळीस किलोमीटर. डॉक्टर म्हणाले, "ही तुमची मुलगी आहे की टपालाची गाडी?" पायाची चीर चार महिन्यांत भरली. उंचीसुद्धा वाढली, त्या वर्षी मी दुमड दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा कारागिरांना चहा पाजला. पण पळणं गेलं. भिंगरी बसपर्यंतसुद्धा चालत जायची. बस सुटली तरी चालतच. मी एकदा बाईंना विचारलं, "पुन्हा पळेल का हो?" त्या म्हणाल्या, "विचारू नका. आणि खिडकीतून बघूही नका."

तक्ता मी फाडला. चारही विटा दुकानाच्या पायरीला लावल्या. दोन वर्षं गेली.

एक दिवस दुपारी मी काजं करत बसलो होतो. दारात धापा टाकत भिंगरी उभी. तोंड लालबुंद, केस सुटलेले. मी सुई टाकून उठलो. म्हटलं, "काय झालं गं? आई बरी आहे ना?"

म्हणाली, "काही नाही, बाबा. सहज. पळावंसं वाटलं."

मी घड्याळाकडे बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, बघितलं. पण किती वाजलेत एवढंच बघितलं. मग तिला पाणी दिलं. ती त्या चार विटांच्या पायरीवर बसली आणि बडबडायला लागली, ती दुकान बंद करेपर्यंत थांबली नाही. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाई, आजपर्यंत हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. भांडताना वेळ कुठं होता? आणि भिंगरे, तुझी तर मी कधी माफीसुद्धा मागितली नाही. तीन वर्षं तुझी मी घेतली. चारचौघांत सांगतो, चूक माझी होती. पायाचीही आणि टेपाचीही.

पुढच्या महिन्यापासून गप्पांचा गट भिंगरी सांभाळणार आहे, असं मुख्याध्यापिका बाईंनी मला मघाशी जिन्यात सांगितलं. तिनं मला सांगितलं नव्हतं. बहुधा मी मैदान मोजायला येईन या भीतीनं.

बाईंसाठी मी एक ट्रॅकसूट शिवून आणला आहे. माप न घेता, अंदाजानं. थोडा सैल झाला असेल तर असू द्या, रिकाम्या वेळात माणूस जरा वाढतो. खिशात शिट्टीसाठी वेगळा कप्पा आहे, कारण तुम्ही ती शाळेला परत करणार नाही हे मला पक्कं माहीत आहे.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सर्वांनी ऐकून घेतलंत, खिडकीतली मुलंसुद्धा पडली नाहीत, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते मोजलेलं नाही. माझ्या मोजण्याचं तुम्ही ऐकलंतच. बोलण्यात कुठं उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. बाई, तुम्ही उभ्या राहू नका. आणि भिंगरे, तूसुद्धा अशी बघू नकोस गं. दोन अटी मोडून झाल्या आहेत. तिसरी मोडायच्या आत मला खाली बसू दे.