न ऐकलेला ‘का’

(पत्त्यांच्या क्लबाचा मागचा व्हरांडा. आत छोट्या पोकर स्पर्धेचं शेवटचं टेबल मांडलेलं, मधली सुट्टी.)

पडदेवाली : पाणी नको मला. आधी हे सांगा, माझ्यामागे इथवर आलात ते नवरा म्हणून की पंच म्हणून?

पंच : अगं, हळू. खिडकी उघडी आहे.

पडदेवाली : हळूच बोलतेय. जन्मभर हळूच बोलत आले, त्याचंच आज फळ मिळालं.

पंच : नियम आहे तो, मी नाही केला. इथे ‘सगळे’ म्हटलं की आपल्यापुढचे सगळे बिल्ले डावावर लागले. तोंडातून शब्द गेला की गेला. तू म्हणालीस, ‘सगळे गेले.’

पडदेवाली : ‘सगळे गेले का?’ म्हणाले मी. माझ्या आधीची माणसं पत्ते टाकून गेली का, एवढं विचारलं. माझे पत्ते अजून पालथे होते हो, उचलून बघितलेही नव्हते. पालथ्या पत्त्यांवर सगळं लावायला मला काय वेड लागलंय?

पंच : तुझ्यासमोर खेळणाऱ्या घड्याळजींनी तिथल्या तिथे हरकत घेतली ना. बाई ‘सगळे’ म्हणाल्या, आता माघार नाही, म्हणाले. चारचौघांनी माना हलवल्या. मग मी काय करणार होतो?

पडदेवाली : चारचौघांनी माना हलवल्या म्हणून तुम्हीही हलवलीत. आणि मी पत्ते उलटले तर काय निघालं? सत्ती आणि दुर्री. समोर घड्याळजींकडे बादशहांची जोडी. त्यांच्याकडे माझ्याहून थोडे कमी बिल्ले होते म्हणून हे मूठभर तरी उरलेत. नाहीतर आत्ता चपला घालत असते.

पंच : हे बघ, तसंही तुला आज ना उद्या सगळे लावायलाच लागणार होते. दर फेरीला सक्तीचे बिल्ले भरायचे, तेही वाढत जाणारे. तुझा ढीग बसल्या जागी आटत चालला होता.

पडदेवाली : ते मला सांगताय? आटत होता म्हणूनच तर जागा हेरत होते. अशा वेळी थोडे थोडे लावण्यात अर्थ नाही, लावायचे तर सगळे, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. आणि कधी लावायचे? आपल्या आधीची माणसं पत्ते टाकून गेलेली असली की. मागे दोघंच उरतात, सक्तीचे बिल्ले भरून बसलेले. तेव्हा बऱ्यापैकी पत्तेसुद्धा पुरतात, कारण समोरचाही घाबरतो. म्हणून विचारलं. दुपारपासून त्या एका घडीची वाट बघत होते मी.

पंच : ते खरं. चुकीचं नव्हतं तुझं.

पडदेवाली : पडद्याचं कापड दोनदा मापते, तिसऱ्यांदा नुसता हात फिरवते, मग कात्री लावते. एकदा लावली की मागे बघत नाही. पण लावायची मीच ना? तुम्ही माझा हात धरून कापलंत. हरले त्याचं नाही एवढं. हरायचा माझा हक्कसुद्धा तुम्ही घेतलात.

पंच : ‘का’ ऐकू आला नाही गं कुणाला.

पडदेवाली : कुणाकुणाचं मला काय. दिवसभर दुकानात बसून लोकांच्या कानांत यंत्रं बसवता. टाचणी पडली तर कुठली पडली ते सांगाल. माझ्या खुर्चीपासून हातभर उभे होतात. तुम्ही ऐकलात की नाही?

पंच : उद्या लोक काय म्हणाले असते? बायकोसाठी नियम वाकवला. मला पंचाच्या खुर्चीत पुन्हा कुणी बसू दिलं असतं?

पडदेवाली : ऐकलात की नाही?

पंच : ऐकला.

पडदेवाली : माझ्या जागी टेबलावरच्या त्या पोस्टातल्या बाई असत्या तर?

पंच : तर म्हटलं असतं, प्रश्न विचारलाय त्यांनी, खेळ पुढे चालू द्या.

पडदेवाली : म्हणजे परकी असते तर न्याय मिळाला असता. आपली म्हणून सुळावर. लोकांत तुम्ही धुतल्या तांदळासारखे, आणि धुवायला पाणी माझं.

पंच : असं नको ना बोलू.

पडदेवाली : आणि आजचंच आहे का हे? दुकान त्या गल्लीत हलवलंत तेव्हा मी विचारलं होतं, का? तुम्ही खोकी बांधत होतात. तुमच्या ताईंना आपल्याकडे ठेवून घ्यायचं नाही असं ठरलं, तेव्हाही विचारलं. प्रत्येक वेळी म्हणालात, हिचंही तेच मत आहे. माझा ‘का’ गाळला की उरतो तो होकारच.

घड्याळजी : (दारात येत) पंच, सुट्टी संपली. आत खोळंबलेत सगळे. वहिनी, रागावलात काय? खेळ आहे, चालायचंच.

पंच : घड्याळजी, थांबा जरा. मघाच्या डावात ती ‘का’ म्हणाली होती. मी ऐकलं होतं.

घड्याळजी : हां. तो मीही ऐकला होता.

पडदेवाली : तुम्हीही?

घड्याळजी : खोटं कशाला बोलू, वहिनी. हातात बादशहांची जोडी असली की माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. आता काय, माझे बिल्ले काढून घेणार का, पंच?

पंच : डाव मागे फिरवता येत नाही. पण माझा निर्णय चुकला, हे मी आत टेबलापाशी उभा राहून सांगणार आहे. पुढच्या वेळी दुसरा पंच नेमायचा असेल तर खुशाल नेमा.

घड्याळजी : अहो, एवढं कशाला? चहाबरोबर पिऊन टाका. आपल्या तिघांत राहील.

पडदेवाली : आपल्या तिघांत राहायला तो डाव तिघांत झाला नव्हता. सांगू देत त्यांना. तुमचे बिल्ले मात्र तुम्हीच ठेवा, घड्याळजी, नीट रचून ठेवा. मला ते मोजून नकोत. जिंकून हवेत.

घड्याळजी : एवढ्याशा मुठीवर? बरं बाई, बघू. मी होतो पुढे.

पंच : अगं, ऐक. पुढच्या तीन-चार डावांत सक्तीचे मोठे बिल्ले तुझ्यावर येतील, त्यात निम्मे जातील. त्याआधी काही बरं आलं तर… कधी लावणार आहेस सगळे?

पडदेवाली : पंचाला आधी सांगायचं नसतं. चला, दार धरा.