ऊ आधी, मग फ

सामोआतल्या सवाई बेटाला जाणाऱ्या बोटीच्या रांगेत वाएलुआ तारोच्या कंदांची टोपली सांभाळत उभा होता. पुढं एक आजी, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या नातीवर डाफरत होत्या.

"कुलमेळाव्याच्या यादीत मी तळाला? उद्या चर्चमध्ये पाळक हीच यादी वाचणार!"

"आजी, आपण नुसती नावं टाकायची. नंबर घालणं, क्रम लावणं, सगळं ही साइटच करते."

"कसला डोंबलाचा क्रम? मी उसुगा खाली आणि माझी धाकटी बहीण फेआगाई वर! सत्तर वर्षं तिला सुनावतेय, पाळण्यातही मी आधी, पाटीवरही मीच आधी."

"इंग्रजीत यू शेवटीशेवटीच येतो गं."

"गोरा गेला, पण त्याची एबीसी काही जात नाही मेली! आपल्या सामोआच्या तक्त्यावर आधी पाचही स्वर, मग फ. शाळेत काय माशा मारल्यास?"

"थांब, आपला क्रम लिहायला इथं चौकट आहे. सांग."

"आ, ए, ई, ओ, ऊ..."

"फ, ग, ल, म!" अख्खी रांग शाळेतल्या सुरात ओरडली. "न, प, स, त, व!"

"लागली यादी! उसुगा अकरावी, फेआगाई बारावी."

"बारावी! आता बोल म्हणावं!"

वाएलुआला राहवेना.

"आजी, माझं नाव वाएलुआ. तुमचा तक्ता घ्या नाहीतर गोऱ्याचा, मी आपला तळालाच."

"अगंबाई! मग ये बाबा, माझ्यापुढं उभा राहा."